पश्चिमेच्या भिंतीवरच्या पट्ट्या

मी कुणावर झटकन विश्वास ठेवत नाही. घरातले म्हणतात हा स्वभाव आहे, मी म्हणते अनुभव आहे. दूधवाल्यानं स्वतःहून माप वर भरून दिलं की मी आधी दूध हुंगून बघते. नांदेडात बंगल्यांच्या बागा करून देणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं नोकरी केली, आणि तिथं तर या स्वभावाला चांगलं खतपाणी मिळालं.

कंपनी म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. एक मालक, दोन सुपरवायझर, दहा-बारा माळी, विष्णुपुरीच्या रस्त्याला एक नर्सरी आणि स्टेशनकडं एका गाळ्यात ऑफिस. त्या वर्षांत शहरात दोनच जातीची माणसं बंगले बांधून राहिली होती, डॉक्टर आणि कोचिंग क्लासवाले सर. लातूरला लागलेलं वेड नांदेडलाही लागलं होतं. मुखेड, देगलूर, किनवट, कुठून कुठून पोरं यायची. गल्लीगल्लीत भाड्याच्या खोल्या निघाल्या होत्या आणि चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लटकले होते. सर लोकांना आता अंगणात हिरवळ पाहिजे होती. मे महिन्यात गल्लीत टँकरच्या मागं बायांची भांडणं लागायची आणि सरांच्या हिरवळीवर कारंजं उडायचं. ते कारंजं आम्हीच बसवून दिलेलं असायचं.

माझं काम पत्रकाचं. दर महिन्याला कंपनी एक पत्रक छापून जुन्या-नव्या गिऱ्हाइकांच्या घरी पाठवायची. पुढच्या बाजूला बातम्या. एका डॉक्टरांच्या गच्चीवर बाग झाली, एका सरांच्या हिरवळीवर गुणवंतांचा सत्कार झाला, नर्सरीत मोगऱ्याची नवी रोपं आली. मागच्या बाजूला सल्ला. गुलाब कधी छाटायचा, कुंडीतली माती कधी बदलायची. मालक गाडीतून जाता-येता फोनवर अर्धं दखनीत, अर्धं मराठीत सांगायचे, मी त्याचं वाचण्याजोगं मराठी करायची. मालक मूळचे जुन्या नांदेडातले, मुसलमान घरातले. त्यांच्या आजोबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस बोलायला इतका गोड की मला पहिल्याच दिवशी शंका आली. इतकं गोड बोलायची माणसाला गरज काय, असं माझं म्हणणं.

सल्ल्याच्या प्रत्येक ओळीचं तोंड आमच्या नर्सरीकडं असायचं, हे मी आठवड्यात ओळखलं. कुंडीतली माती बदला, म्हणजे माती आमच्याकडून घ्या. गुलाब छाटा, म्हणजे माळी आमचा बोलवा. पण एक सल्ला असा होता की मालक तो दर उन्हाळ्यात छापायलाच लावायचे. जागा नसली तर बातमी काढा म्हणायचे, पण तो सल्ला काढू द्यायचे नाहीत. त्याचं मराठी मीच केलेलं होतं, म्हणून मला तो अजून पाठ आहे.

‘आपल्याकडची माती काळी आहे. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते आणि तिच्याबरोबर घरही हलतं. म्हणून मोठी वाढणारी झाडं भिंतीला लागून लावू नका, ती पायाखालचं पाणी पिऊन टाकतात. उन्हाळ्यात जोत्याच्या चारी बाजूंची माती सारखी ओलसर ठेवा.’

यात यांचा काय डाव असेल, याचा मी लई विचार केला. शेवटी ध्यानात आलं. झाड भिंतीपासून लांब लावा म्हटलं की मधल्या जागेत हिरवळ विकता येते. आणि ओलसर ठेवा म्हटलं की पाण्याच्या नळ्या विकता येतात. झालं, माझ्यापुरता सोक्षमोक्ष लागला. पुढं मी दर वर्षी तो सल्ला छापला आणि त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.

कारण मला माझं ज्ञान होतं. आमचं गाव औशाकडचं, भूकंपात जी गावं बसली त्यातलं. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते म्हणून मी राहिले. वडील आणि धाकटा भाऊ गेले. माय ओसरीवर झोपली होती, ती वाचली. मातीत रचलेल्या दगडाच्या भिंती होत्या आमच्याकडं, हात-हात दीड-दीड हात रुंद. त्यानंतर पत्र्याच्या शेडांमध्ये बसून माणसं महिनोन्महिने एकच बोलायची, कुणाची भिंत कशी पडली. त्यात कुणीतरी बोललं की ज्या भिंतीत पाणी मुरलं होतं ती आधी बसली. खरं का खोटं, कुणी तपासलं नाही. पण आमच्या सगळ्या गावानं ते मनात पक्कं धरलं. पायात पाणी मुरलं की घर गेलं. मी तर लिहून-वाचून शिकलेली बाई, पण मीही तेच धरून बसले.

आम्ही नांदेडात घर बांधलं तेव्हा मी जोत्याजवळ थेंबभर पाणी येऊ दिलं नाही. भांडी घासायची मोरी लांब नेली. धुणं परसात अगदी टोकाला. मिस्त्री हसायचा, मी त्याला म्हटलं, हसायला काय जातंय, गाव तुझं बसलं नाही. पश्चिमेच्या बाजूला मात्र एक गोष्ट केली. तिकडं मुलीची खोली होती आणि दुपारनंतर ती भट्टीसारखी तापायची. एका डॉक्टरांच्या बंगल्याचं काम उरकल्यावर नर्सरीत फायकसची पाच उंच रोपं उरली होती. मी ती मागून आणली आणि भिंतीपासून दोन हातांवर ओळीनं लावली. वर्षभर जीव धरेपर्यंत पाणी घातलं आणि नंतर बंद केलं, पाण्यानं पाया खराब नको म्हणून. तरी झाडं वाढत राहिली, चार वर्षांत स्लॅबच्या वर गेली. मी शेजारणींना कौतुकानं दाखवायची, बघा, बिनपाण्याची झाडं आहेत. ती पाणी कुठून पीत होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मायचं सांगते. सरकारनं नव्या गावात तिला घर दिलं होतं, सिमेंटचं, भक्कम. त्या घराला कुलूप लावून ती बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. पंधरा-सोळा वर्षं झाली तरी तिथंच. घरात ज्वारीची पोती ठेवायची, स्वतः पत्र्याखाली. पत्रा अंगावर पडला तर माणूस उठतंय, म्हणायची. माझ्याकडं यायची ती दोन दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी पिशवी भरलेली असायची. लेकीच्या घरी माय राहत नसते, हे तिचं एकच उत्तर. भाऊ असता तर गोष्ट वेगळी होती. तो नव्हता, मी एकटीच उरले होते, आणि तरी ती मला सासरची म्हणूनच धरायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती पाणी शेंदताना पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी गेले आणि तिला घेऊनच आले. नवऱ्यानं, तो रेल्वेच्या ऑफिसात आहे, स्वतः रिक्षातून तिची पोतडी उतरवली आणि म्हणाला, “आता इथंच राहा, माय.” याला एवढा आनंद कशाचा झाला, म्हणून मी दोन दिवस त्याच्याकडं टक लावून बघत होते. आनंद खराच होता, पण मला ते पटायला वेळ लागला. माय म्हणाली, मनगट जुळेपर्यंत राहते. मी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं की आता हिला सोडायचं नाही. मला माझी माय पाहिजे होती. त्या पत्र्याखाली ती एकटी म्हातारी होत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं. त्या दिवसांत मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

संक्रांतीनंतर चार-आठ दिवसांची गोष्ट. मुलगी बारावीला होती, सकाळी सहाला क्लासला जायची. माय तिची खोली झाडत होती. केरसुणी थांबली म्हणून मी डोकावले, तर ती पश्चिमेच्या खिडकीखाली उभी राहून बोटानं भिंत चाचपत होती. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरपी खाली उतरली होती, उशाशी खाटेपर्यंत. केसाएवढी.

“गिलावा आहे, माय,” मी म्हटलं. “रंगवताना जाईल.”

तिनं माझ्या कपाटातून कंपनीचं एक जुनं पत्रक घेतलं, कात्रीनं त्याच्या बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापल्या. डाव्या हातानं वाटीत ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि त्या तीन पट्ट्या भेगेवर आडव्या चिकटवल्या. नात क्लासहून आल्यावर तिच्याकडून प्रत्येक पट्टीवर तारीख लिहून घेतली. मायला आकडे ओळखू यायचे, अक्षरं नाही.

“भूकंपानंतर आपल्या शाळंची एक भिंत उभी होती बग,” ती मला म्हणाली. “तिच्यावर सरकारी इंजिनेरानं काचाच्या पट्ट्या लावल्या होत्या. भिंत हलली की काच तुटती. काच न्हाई तर कागद चालतंय. हे फाटलं म्हंजी भिंत चालून राहिली. मग मी हितं थांबायची न्हाई. सांगून ठेवते.”

तेव्हा नांदेडात मधूनमधून बारीक हादरे बसायचे, फळीवरची भांडी वाजायची आणि माणसं रस्त्यावर यायची. असं झालं की माय आधी त्या पट्ट्या बघायला जायची. मीही जायची, तिच्या मागून.

बारा दिवसांनी मधली पट्टी फाटली. मुलगी क्लासला गेली होती, माय अंघोळीला. मी अंथरूण आवरायला गेले आणि पट्टीच्या बरोबर मधून कागद उकलला होता. भिंत पडेल हे माझ्या मनात आलंच नाही. आलं ते एवढंच की माय जाईल. मी दार लोटलं, त्याच पत्रकातून तशीच पट्टी कापली, मुलीच्या टेबलावरची डिंकाची बाटली घेतली आणि नवी पट्टी चिकटवली. तारीख जुनीच लिहिली. मुलगी आकड्यांना खाली एक बारीक वळण देते, तेही दिलं. मग बोटाला भिंतीची धूळ लावून पट्टीवरून फिरवली, म्हणजे ती नवी दिसू नये. एवढी सफाई मला कुठून आली, देव जाणे. पुढं दर दहा-पंधरा दिवसांनी एखादी फाटायची आणि मी ती बदलायची.

मी मनाला सांगत होते की गिलावाच आहे. पण आतून भेगेचं कारण शोधणं चाललंच होतं आणि माझा शक कुठं कुठं म्हणून गेला नाही? आमच्या पूर्वेला एक क्लासवाले सर राहायचे. त्यांनी मुलींना खोल्या द्यायला तिसरा मजला चढवला आणि नवा बोअर मारला. दोन दिवस आमची कपबशी टेबलावर नाचत होती. मी जाऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सर म्हणाले, “मॅडम, बोअर तुमच्या पूर्वेला, भेग तुमच्या पश्चिमेला.” आणि हसले. त्या हसण्यावरही मी महिनाभर विचार करत होते. मग घर बांधणाऱ्या मिस्त्रीवर गेले, यानं वाळू जास्त घातली असणार. मग रस्त्यावरून जाणाऱ्या वाळूच्या ट्रकांवर. एक दिवस नवऱ्याला म्हटलं, तुम्ही खिडकी जोरात लावता म्हणून होतंय. तो बिचारा त्या दिवसापासून खिडकी तळहातानं धरून लावायला लागला. खिडकीच्या बाहेर पाच फायकस उभे होते. त्यांच्यावर तेवढा माझा पूर्ण भरवसा होता.

होळीच्या सुमाराला मायनं वेगळंच काढलं. ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत झोपायची. म्हणाली, तिथं फोडणीचा ठसका लागतो, भांड्यांचा आवाज होतो, मला नातीची खोली द्या. बारावीची लेखी परीक्षा नुकतीच उरकली होती, पुढं सीईटी होती. मला वाटलं मुलगी आदळआपट करेल. ती लगेच हो म्हणाली. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. एवढी मोठी हवेशीर खोली सोडून ही पोरगी स्वयंपाकघराशेजारी जायला राजी कशी झाली? तिथून मागच्या दारानं कुणाशी फोनवर बोलता येतं म्हणून असेल. मी चार दिवस काही ना काही निमित्तानं आत-बाहेर केलं. पोरगी भौतिकशास्त्राची गणितं सोडवत बसलेली असायची आणि मला म्हणायची, “आई, तुला काय पाहिजे ते एकदाच घेऊन जा ना.”

मायची खाट त्या खोलीत गेली. मी ती दाराजवळ लावली होती, तिनं ती ओढून खिडकीखाली भिंतीला टेकवली, जिथं भेग उतरत होती तिथंच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पट्ट्यांवर हिचा विश्वास बसला, असं मी धरलं. माझी युक्ती लागू पडली. जी बाई सोळा वर्षं स्वतःच्या सिमेंटच्या घरात झोपली नाही ती आता माझ्या भिंतीला पाठ लावून झोपायला तयार झाली. मनगट जुळलं होतं, भाकरी ती स्वतः थापायला लागली होती, तरी गावी जायचं नाव काढत नव्हती. मी ऑफिसात उगीच गुणगुणत असायची. मालक म्हणाले, “ताई, आजकल बडे खुश है.” मी म्हटलं, काही नाही, आणि यांनी का विचारलं असेल म्हणून दिवसभर विचार केला.

मे महिन्यात एका दुपारी मालक घरी आले. कधी यायचे नाहीत. ऑफिसची लाईट गेली म्हणून मी लवकर घरी आले होते आणि जूनच्या पत्रकाचा कच्चा छाप प्रेसला लगेच परत द्यायचा होता, म्हणून तो मला दाखवायला आणला होता. मायनं पाणी दिलं. मी छाप वाचत बसले आणि मालक, बागवाल्या माणसाला जी खोड असते तिच्यानं, घराला चक्कर मारायला गेले. थोड्या वेळानं पश्चिमेकडून हाक आली.

मी गेले. ते उकिडवे बसले होते. झाडं आणि भिंत यांच्यामधली जमीन नकाशासारखी फाटली होती. त्यांनी एका भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला.

“ही झाडं कुणी लावली, ताई?”

“मी.”

“आपल्या नर्सरीतली?”

“हो.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बोलायला काहीतरी सापडलं असतं. त्यांनी माझ्या हातातला छाप घेतला, उलटा केला आणि मागच्या बाजूची ओळ मोठ्यानं वाचली. मोठी वाढणारी झाडं भिंतीला लागून लावू नका, ती पायाखालचं पाणी पिऊन टाकतात. माझंच मराठी. मग विचारलं, “आतून भेग आहे का?”

नाही म्हणायची सोय नव्हती. आत माय खाटेवर बसली होती. मालकांनी तिला सलाम केला, चष्मा वर सरकवला आणि भिंतीशी वाकले. भेग आता केसाएवढी नव्हती, रुपयाचं नाणं उभं शिरलं असतं. त्यांनी पट्टीवरची तारीख वाचली, पट्टीवरून बोट फिरवलं, परत तारीख वाचली.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “भेग एवढी उघडली आणि जानेवारीचा कागद साबूत. असं होत नाही.”

मी काहीतरी जुळवायला गेले, पण त्याआधी माय बोलली.

“पट्टीचं सोडा, साहेब. भिंत कधी पडंल ते सांगा.”

मालकांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. काय समजायचं ते समजले असावेत, पण मला त्यांनी तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मायला म्हणाले, “आजी, उद्या पडणार नाही. पण अशीच ठेवली तर भरवसा नाही. झाडं काढू. कडेनं चर खणून रोज थोडं थोडं पाणी देऊ, म्हणजे माती हळूहळू भरून येईल. पाऊस झाला की मग भिंत सळ्या टाकून शिवून घेऊ. तोवर ही खाट इथून हलवा.” दुसऱ्या दिवशी माळी पाठवतो म्हणाले आणि छाप घेऊन गेले.

ते गेल्यावर मी दारातच उभी होते. माय पदरानं खाटेची कड पुसत होती.

“तुला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“पैल्या पट्टीपासून.”

“कसं?”

“माझ्या खळीला मुंग्या लागतात. ज्वारीचं पीठ हाय त्ये. तिन्ही पट्ट्यांवर मुंग्या होत्या, मग मधलीवरच्या गेल्या. मग वरच्या पट्टीवरच्या गेल्या. तवाच म्हणलं, ही काहीतरी करून राहिली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगून राहिली न्हाईस, तर मी काय सांगू? पोरीची परीक्षा चालू. तिच्या डोक्यात भिंत घातली असती तर ती काय लिहिणार होती?”

आणि मग मला एकदम उमगलं, इतक्या उशिरा की माझीच मला लाज वाटली. फोडणीचा ठसका कुठं नव्हता. भांड्यांचा आवाज नव्हता.

“म्हणून खोली बदलून घेतलीस?”

“लेकरू झोपत होतं त्या भिंतीखाली,” माय म्हणाली. “मी काय, भूकंपातनं वाचलेली हाय.”

मी खाली बसले. मला रडायला आलं आणि मी रडले. संक्रांतीपासून होळीपर्यंत माझी पोटची पोर त्या भिंतीखाली झोपत होती, मी फाटलेली पट्टी डोळ्यांनी बघत होते, आणि दार लावून डिंक लावत होते. दुनियेवर शक घेत फिरले. सरांच्या हसण्यावर घेतला, नवऱ्याच्या हातावर घेतला, माझ्या पोरीवर घेतला. खोटेपणा करणारी घरात एकच होती. माय माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, “उठ, च्या ठेव.”

माळी आले. पाचही झाडं गेली. मालकांनी चर खणून घेतला आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी सोडत होते. सांगायला संकोच वाटतो, पण पहिले आठ दिवस मला परत शंका येतच होती की या पाण्यानं पाया बसेल. मी गुपचूप दोरा लावून जोतं मोजायची. जोतं जागेवर होतं. मालकांनी विचारलं, ही गोष्ट पत्रकात घालू या का, नावगाव न देता. मीच लिहिली ती बातमी, ‘शहरातल्या एका घरी असं घडलं.’ इतकी वर्षं पत्रक लिहिलं, पण चार वेळा फाडून परत लिहिली ती तेवढी एकच बातमी.

जून-जुलैत पाऊस चांगला झाला. जमिनीतल्या भेगा मिटल्या, भिंतीतली बरीचशी मिटली. मग मिस्त्रीनं भिंत खणून सळ्या बसवल्या, सिमेंट भरलं, गिलावा केला. मुलीला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. घरात सगळं कसं ठाकठीक झालं. मायनं नव्या गिलाव्यावर पुन्हा पट्टी लावली, स्वतःच्या खळीनं, आणि या वेळी मी तिला हात लावला नाही. रोज सकाळी आम्ही दोघी मिळून बघायचो. महिना गेला. पट्टी तशीच. मला वाटलं, सुटले. आता हिला जायला कारण उरलं नाही.

गणपती उठल्यावर चार दिवसांनी मी ऑफिसहून आले तर नातीचं टेबल आणि पुस्तकं परत पश्चिमेच्या खोलीत लागली होती. आजी-नातीनं दोघींनी मिळून हलवली होती. माय लहान खोलीत पोतडी बांधत बसली होती.

“हे काय?”

“उद्या जाते. जावयाला सांगितलंय, लातूरच्या गाडीत बसवून देतो म्हणले.”

“आता जातेस? भिंत हलत होती तेव्हा राहिलीस, आणि आता पक्की झाली तर जातेस?”

“पक्की झाली म्हणूनच.”

मी लई भांडले. तोंडाला येईल ते बोलले. इथं तुला काय कमी पडलं, लोक काय म्हणतील म्हणून तू पत्र्याखाली मरणार का, मी तुझी कुणी नाही का, सगळं बोलले. ती ऐकत गाठ मारत होती. शेवटी म्हणाली, “मनगट तर होळीलाच बरं झालं होतं, बाई. तवाच जायचं होतं. पण मी गेले असते तर पोरगी परत त्या भिंतीखाली झोपली असती, तिला सोडून कशी जाऊ? म्हणून थांबले. आता ती बिनघोर झोपंल.”

सकाळी आम्ही तिघं तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळाली. गाडी निघेपर्यंत ती नातीला कॉलेजात डबा कसा न्यायचा ते सांगत होती. माझा मात्र नुसता हात धरून होती, गाडी हलली तेव्हा सोडला.

माय राहावी म्हणून मी चार महिने ती भेग लपवली. तिला माझ्या घरी धरून ठेवलं होतं ते त्या भेगेनंच, आणि ती मी स्वतः उभी राहून बुजवून घेतली.